शेरा

पट्टी वाचताना श्वास रोखायचा, इन्ताकाका सांगतात.
पाणी हलतं, नाव हलते, डोळाही हलतो,
निदान वाचणाऱ्याने हलू नये.
दोन मीटर एकतीस.
मग कानामागची पेन्सिल.
शाई नको, शाई ओलीला फितूर होते.

अलीकडे थायलंड, पलीकडे लाओस, मधे मेकाँग,
आणि धक्क्याच्या पायऱ्यांपाशी ही गंजकी पट्टी.
सकाळी सात, संध्याकाळी सात, चौतीस वर्षं.
उंदरांच्या भयाने वह्या पत्र्याच्या पेटीत.

जुन्या वह्यांतली नदी वर्षातून एकच मोठा श्वास घ्यायची.
ऑगस्टात छाती भरून, मार्चमध्ये पोट खपाटीला.
नव्या वह्यांत तिला धाप लागलीय.
मंगळवारी दोन एकतीस, बुधवारी तीन शून्य आठ,
आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख.
वर कुठेतरी दरवाजे उघडले असतील.
कुठल्या तरी शहरात उकडत असेल.
वहीत रकाने चार:
वेळ, पातळी, पाऊस, शेरा.

बुआलोय कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून
खडकांवरचं हिरवं शेवाळ मनगटाभोवती घेते,
लोकरीची लड गुंडाळावी तसं.
धुऊन, आपटून, तीळ पेरून, चटईवर वाळवून, बाजारात.
पहिल्या दिवशी मी मराठीतच पुटपुटले, हे काय?
तिने मान डोलावली. हो, काय.
त्या शेवाळाचं नावच काय.
माझ्या भाषेत तो प्रश्न असतो
हे तिला समजावताना दुभाषी घामाघूम झाला,
आणि ती पाण्यात उभी, हसत सुटली.

काय उथळात वाढतं.
एका रात्रीत पाणी हातभर चढलं की उन्हावाचून पिवळं पडतं,
उतरलं की खडकावरच वाळून चिकटतं,
निवडणूक सरल्यावरच्या पोस्टरसारखं.
यंदा मी तिच्या टोपलीत डोकावले.
काय नाही, ती म्हणाली.

माझं काम बाटल्यांचं.
लिटरभर नदी गाळणीच्या कागदातून ओतायची,
भट्टीत वाळवायची, तोलायची.
माझ्या आधीच्यांचे कागद गुळाच्या ढेपेच्या रंगाचे.
माझे जवळजवळ कोरे.
गाळ वर भिंतीमागे बसून राहिलाय
आणि इथे नदी निळी झालीय.
पर्यटक धक्क्यावर उभे राहून फोटो काढतात.
पोट रिकामं असलं तरी तोंड स्वच्छ धुता येतं, बुआलोय म्हणाली,
आणि त्याच आठवड्यात भुकेल्या पाण्याने
तिच्या भुईमुगाचे दोन वाफे काठासकट खाल्ले.

सगळं वरूनच येतं असंही नाही.
ओढ्याच्या मुखाशी भरलेल्या बाटलीत नायट्रेट निघालं.
ओढ्याच्या वर मका,
मक्यात इन्ताकाकांचा पुतण्या, हातात खताची पाटी.
मी आकडा दाखवला.
काकांनी कागद पाहिला, चार घड्या घातल्या,
खिशात ठेवला,
आणि मला भात वाढला.
माझा लॅपटॉप तर रात्रभर चार्जिंगला असतो.
ती वीज कुठून येते, मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

एप्रिलअखेर वहीच्या पानांचे फोटो पाठवले.
बँकॉकहून प्राध्यापकांचं पत्र:
एकोणीस तारखेच्या शेऱ्यात बरंच काही लिहिलंय,
हस्ताक्षर लागत नाही, कृपया कळवा.
मी काकांना वाचायला सांगितलं.
त्यांनी चष्मा पुसला.
"पाऊस नाही. वारा नाही.
बुआलोय रिकामी टोपली घेऊन वर आली.
कुणाशी बोलली नाही."
मी तसंच्या तसं कळवलं.
उलट टपाली एक ओळ आली: हे कोणत्या एककात?

सात वाजायला आलेत.
काका विजार गुडघ्यापर्यंत दुमडतात, एक एक पायरी चाचपत उतरतात.
पट्टीवर मोबाइलचा उजेड धरायचं काम आज माझं.
श्वास रोख, ते म्हणतात.
दोन मीटर चौऱ्याऐंशी.
आणि लिहीपर्यंत,
पंच्याऐंशी.