ओर्याकू बंदर, सप्टेंबर

डिझेल इंजिन काढलं त्या दिवशी
ओर्याकूच्या धक्क्यावर चार माणसं लागली.
मेलेल्या सीलसारखं काळं, तेलकट
ते टार्व्होच्या ट्रेलरवर आडवं झालं,
आणि आमची बोट पाण्यातून
चांगली दोन बोटं वर आली.

काल्यू काही बोलला नाही.
डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, उजव्यानं थोडंसं.
दोन्ही कान त्यानं याच इंजिनाला वाहिले,
एकेचाळीस उन्हाळे.
मी घसा वाहिला.
या बोटीवर आम्ही संसाराचं जे काही बोललो
ते ओरडून बोललो:
मीठ दे. दोर सोड. तुझी आई गेली, फोन आला होता.

इंजिनाच्या जागी आली भोपळ्याएवढी एक मोटर.
बाकाखाली, जिथं बटाट्यांचं पोतं असायचं,
तिथं चार बॅटऱ्या.
छपरावर दोन काळ्या पाट्या, ऊन पिणाऱ्या.
टार्व्होनं सगळं मला शिकवलं,
कारण काल्यू पाठ करून जाळं विणत बसला होता.
'शीड भरलं की पंखा आपोआप फिरतो, थोडं परत कमावतो.
आणि सावली सांभाळ, मायमू.
एक दोर आडवा आला तरी निम्मी वीज जाते.'

तेव्हापासून मी सावल्या राखते,
पिकावरची पाखरं राखावी तशी.
शिडाची सरकते, मी दोर ओढते.
डोलकाठीची येते, मी बोटीचं तोंड जरा वळवते.
ढगाला मात्र काय म्हणणार?
इथल्या सप्टेंबरचं ऊन म्हणजे
पातळ केलेलं दूध.
तेही मोजून.

त्या दिवशी जाळं उचलून परतताना
सॅरे तिर्पची खड्यांची लांब जीभ
उजवीकडे दिसत होती, आणि वारा पडला.
शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं.
मी दांडा पुढे ढकलला.
बोट निघाली.
'अगं, सुरू कर की!' काल्यू छपरापाशी उभा राहून ओरडला.
'सुरूच आहे!'
'काय?'
'सुरू आहे, सुरू!'
दगडांवरचे कुरव उडाले.
त्याचा विश्वास बसला नाही.
मग मी हात धरून त्याला मागं आणलं,
त्याचा तळवा सुकाणूवर ठेवला.
मांजराच्या गळ्याखाली असते
तेवढीच थरथर.
बराच वेळ त्यानं हात काढला नाही.
'कानामागून आली,' म्हणाला, 'आणि...'
म्हण पुरी केली नाही.
पुन्हा जाऊन छपरापाशी उभा राहिला,
एकेचाळीस वर्षं उभा राहतो तसा,
छाती पुढे, पाय फाकून, दक्षिणेच्या बाजूला.

बॅटरी अडतीस टक्के. सदतीस.
पाट्यांकडून येणारी वीज, एक्केचाळीस वॅट.
एवढी कमी कशी?
मी दोर पाहिले, शीड पाहिलं,
डोलकाठी पाहिली.
आणि मग दिसलं:
दोन्ही पाट्यांवर पसरलेला
टोपीसकट
माझा नवरा.

कसं सांगायचं? तेही ओरडून?
मी नुसतं आकड्याकडे बोट दाखवलं,
मग त्याच्या पायांपासून निघालेल्या काळ्या माणसाकडे.
त्यानं आकडा पाहिला. स्वतःला पाहिलं.
टोपी काढली, जणू कुणाच्या घरात
न विचारता शिरला होता.
एक पाऊल खाली उतरला.
ऐंशी.
दुसरं.
एकशे सव्वीस.

माझ्याशेजारी येऊन बसला, उजवा कान माझ्याकडे करून.
पंख्यामागं पाणी उलगडत होतं, त्याचा आवाज येत होता मला.
इंजिन बंद झालं की सांगू म्हणून
वर्षानुवर्षं ठेवलेलं किती तरी होतं.
आता एकही आठवेना.

'बटाटे कुठं ठेवलेस?'
त्यानं विचारलं. हळू आवाजात.
हा आवाज त्याच्याकडे होता
हे मी विसरले होते.
'नाळेकडच्या फळीखाली,' मी म्हटलं, तेवढ्याच आवाजात.

ऐकलं की नाही कोण जाणे.
उठला, आणि पाट्यांच्या कडेकडेनं
वाकून, जवळजवळ रांगत,
ऊन न सांडता
पुढं गेला.