पसंतीक्रम

नेट कॅफेत गजूदादा विचारतो,
पहिल्या नंबरला काय टाकू?
माझ्या मागं अजून सात जणी,
प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत टीसी,
टीसीवर जन्मतारीख अक्षरी.
मी म्हणते, थांब जरा.

पुणं टाक, असं घुगे सर म्हणाले होते.
एवढे मार्क म्हणजे पुणंच.
होस्टेलचा आकडा त्यांनी
बोटानं टेबलावर लिहिला.
टेबलावर काहीच उमटलं नाही,
तरी मला तो वाचता आला.

शिफा लातूरला चालली, परत नीट द्यायला.
तिच्या अब्बांनी शिलाईचं दुसरं मशीन विकलं.
म्हणते, तूपण चल, एका खोलीत राहू,
एका वर्षाची तर गोष्ट.
ही गोष्ट मी बारावीला ऐकली होती,
दहावीलाही.

आई काही म्हणत नाही.
अंगणवाडीचं पातेलं घासता घासता
एवढंच विचारते, शेवटची गाडी कितीची?
बापू वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या काट्यावर.
रात्री भाकरी मोडतात
तेव्हा भाकरीला बोटं दिसतात, पिवळी.
बीएस्सी म्हणजे बीएस्सी, असं त्यांना वाटतं,
त्यात अजून काय निवडायचं?

जमीन पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा मी चौथीत.
पहाटे साडेचारला
मांडणीवरचे पेले एकमेकांशी बोलू लागले.
सगळं गाव शाळेच्या पटांगणात, गोधड्यांसकट.
अनुसयाकाकू म्हणाली, शेष कूस बदलायलाय.
तलाठी म्हणाले, घाबरू नका.
मग साहेब आले,
शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत यंत्र ठेवलं,
कुलूप लावलं
आणि किल्ली घेऊन गेले.

त्यानंतर कितीदा तरी.
आता कुणी उठत नाही.
बापू झोपेतच म्हणतात, गेला.
कोण गेला?
कुठून आला होता?
मी विचारलं तेव्हा
कुणी उत्तर दिलं नाही, रागावलंही नाही.

नांदेडच्या एका कॉलेजात भूशास्त्र आहे.
जागा बत्तीस, भरतात अकरा.
खिडकीतला माणूस म्हणाला,
पोरी, दगडं शिकून काय करशील?
मी म्हटलं, आमच्या घराखाली आहेत.
तो हसला,
पण झेरॉक्स दोन्ही बाजूंनी नीट काढून दिली.

खरं सांगायचं तर
हे उत्तर मला खिडकीपाशीच सुचलं.
त्याआधी मी नुसते पैसे मोजत होते:
पास, डबा, चप्पल, प्रॅक्टिकलचा कोट.
घरी राहायचं आधीच ठरलं होतं.
कुणी ठरवलं ते माहीत नाही.
विषय मागून आला,
सुटलेल्या गाडीला हात करत पळत येणाऱ्या
माणसासारखा, धापा टाकत.
कंडक्टरनं घंटी दोनदा ओढली होती,
तरी त्याला घेतलं.

टाक, म्हणते गजूदादाला.
एक नंबरला नांदेड.
आणि दोनला?
दोनला काही नको.
तसं चालत नाही, तो म्हणतो, रिकामं घेत नाही.
मग दोनला पुणं टाकते.
ते तिथं बरं दिसतं.

ऑगस्टचा दुसरा आठवडा.
अंधार पडल्यावर फाट्यावर उतरते,
पिशवीत पहिला दगड, काळा,
सरांनी घरी न्यायला दिलेला.
आपल्याच पायाखालचा दगड
तिकीट काढून घरी आणलाय मी.

आत कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी,
आईच्या वाकड्या अक्षरात:
तीन दहा. पेले वाजले.
मी चपलाही न काढता विचारते,
किती वेळ? किती सेकंद?
आई चुलीकडूनच,
मी काय मोजत बसू का,
दूध उतू चाललं होतं.