शब्द टाकाचा

दुपारी साडेतीनला कालचा रनडाऊन उघडते,
नक्कल करते, तारीख बदलते.
मंगळवार. लाखांदूर केबल. संध्याकाळी सात.
एकूण वेळ बावीस मिनिटं शून्य सेकंद.
रांगा तशाच राहतात, आतलं तेवढं पुसायचं,
शाळेच्या फळ्यावर 'हजेरी' हा शब्द राहतो
आणि आकडा पुसतात, तसं.

पहिली रांग, ठळक बातम्या, चाळीस सेकंद.
दुसरी, खरेदी केंद्रावर बारदाना संपला,
धानाची पोती उघड्यावर. दोन दहा.
तिसरी शंकरपटाची तारीख.
चौथी जाहिरात, लग्नाचा बस्ता, पूर्ण एक मिनिट,
हिला हात लावायचा नाही, भाडं हीच भरते.
पाचवी थेट मंडईतून, होमराज, एक चाळीस.
सहावी करडी.

सॉफ्टवेअरात तिला फ्लोट म्हणतात.
म्हणजे आहे, पण बेरजेत नाही.
मामा तलावाची पाळ दरवर्षी दुरुस्त करणाऱ्या
झिबलाबाई कापगते, दोन मिनिटं पाच.
अकरा दिवस झाले,
रोज नव्या तारखेत नक्कल होऊन येतात
आणि रोज कुणीतरी पाहुणा, कुणीतरी उद्घाटन
त्यांच्या अंगावरून जातं.

बाबा झाडीपट्टीत प्रॉम्प्टर होते. एकोणीस हंगाम.
विंगेत पोत्यावर बसायचे,
बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिन, वही गुडघ्यावर.
नाटक दहाला सुरू, कोंबड्याला संपायचं.
मधेच कुणी बक्षीस दिलं की रडता राजा थांबायचा,
नाव पुकारायचं, एकशे एक रुपये,
मग राजा होता तिथून रडायचा.
त्यांच्या वहीत वेळेचा रकानाच नव्हता.
माझ्याकडे तीन आहेत :
ठरलेली, झालेली, उरलेली.

सात वाजून नऊ मिनिटं.
मंडईत दंडार लागली, साऱ्या गावाचे मोबाईल वर झाले
आणि होमराज पडद्यावर चौकोनी चौकोनी होत
विरघळला.
एक चाळीस रिकामे.
खेमलता कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे,
हसण्याची मुदत फार तर सहा सेकंद.

सहाव्या रांगेवर उजवी टिचकी.
करडी पांढरी झाली.
बेरीज लाल : पंचवीस सेकंद जास्त.
आणि निवेदन?
ते लिहिलेलंच नाही, कोण लिहितं तरंगत्या रांगेला.
प्रॉम्प्टर कोरा.

मी बटण दाबून तिच्या कानात उतरते.
बाबा सांगायचे,
"शब्द टाकाचा, बाई, आवाज नाई टाकाचा.
आवाज त्याहिचाच रायला पाह्यजे."
एक एक टाकते.
तलाव. पाळ. बेचाळीस वर्षं. घमेलं.
खेमलता उचलते, वाक्य बांधते,
शेवटचा शब्द तिचा तीच घालते,
माझ्यापेक्षा बरा.

झिबलाबाई बोलू लागतात.
पाळ कुठं फुटेल हे त्यांना खेकड्यांवरून कळतं.
सुपारी गालात सरकवण्याची दोन सेकंदं
मला एडिटमध्ये कापायची होती.
बरं झालं, राहिली.

पंचवीस सेकंद कुठून आणायचे?
हवामान आधीच वीस.
मी बस्त्याच्या जाहिरातीची शेपूट धरली,
नवरदेव घोड्यावर चढायच्या आत
बुलेटिन संपलं.
बावीस, शून्य शून्य.

साडेसातला बाबांचा फोन.
रोज येतो, चुका मोजून.
"ते पोरगी 'तलाव' मनाआधी थांबली नं,
तवाच समजलं, मांगं तू बसली आहेस."
मी म्हटलं, बाकी?
"बाकी काई नाई. त्या बुढीले
अजून बोलू द्याचं होतं."
मग जरा थांबून,
"बक्षीस बिक्षीस आलं का कोनाचं?"

बस्तावाल्याचा फोन आला, म्हटलं.

बुधवार. नक्कल करते, तारीख बदलते.
सहावी रांग पहिल्यांदाच रिकामी.
होमराज दारातून विचारतो, इथं काय टाकू,
नगरपंचायतीचं उद्घाटन आहे, दोन मिनिटं.
कर्सर लुकलुकतो.
मी त्याला म्हणते, आधी चहा सांग.
आणि झिबलाबाईंना फोन लाव,
खेकड्यांचं अर्धंच राहिलं.