पंचवीसच्या आत

फळ्यावर खडूनं लिहून आहे :
गंभीर दुखापत, मागल्या साली एकतीस,
यंदा पंचवीसच्या वर नको.
जिल्ह्यातून आलेल्या आकड्याला
धुऱ्यावरचं भांडण, मोहाची दारू
ठाऊक नसते.

अठ्ठावीस डिसेंबरला पैकूबाई टेकाम आली,
तुरीच्या वावरातून, पायीच.
मनगट पदरात बांधलेलं.
"काऊन वो, पडली काय?"
"कुऱ्हाडीचा दांडा," म्हणाली.
कोणाच्या हातातला, ते मी विचारलं नाही.

पंचवीस भरले होते.
दखलपात्र, अदखलपात्र :
दोन्हीच्या मधात फक्त एक 'अ'.
माझं अक्षर चांगलं, साहेब नेहमी म्हणतात.
तो 'अ' मी वळणदार काढला
अन् कागद पुढं सरकवला.

तिनं डावा अंगठा दिला.
उजवा उचलत नव्हता.