आतली रेघ

मुत्रहच्या बाजारात, मासळीच्या गल्लीकडे पाठ करून
माझं दुकान. साडेसात फूट रुंद, एक पंखा, एक ऐरण.
चिपळूणला लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायचो,
चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम, अक्षराला इतके पैसे.
इथं पितळेच्या पाट्या. उजवीकडून डावीकडे
हात वळायला वर्ष गेलं.

पहिल्या पाटीसाठी तो स्वतः आला होता, घामेजलेला.
नासिर बिन जुमा, कनिष्ठ अभियंता, पाणीखातं.
स्वतःचं नाव वाचून दाखवताना अडखळला.
"आई नासोर म्हणते. बंदरावरच्या कारकुनाने
दुरुस्त करून घेतलं."
सो-चा सि. एवढ्यावर माणूस आत येतो.

झांजिबारच्या कच्छी दुकानदारांकडून उचललेल्या
मोडक्या हिंदीत त्याने बाकीचं सांगितलं:
लवंगा वाळत घातलेलं अंगण तसंच टाकून निघालेले,
गलबतात एकशे दहा माणसं, आणि वारा पडला.
नाखव्याने (हा शब्द आमच्या हर्णैचाही,
म्हटल्यावर तो हसला)
पेल्याच्या आत खिळ्याने एक रेघ मारली.
माणशी तेवढंच पाणी, दिवसातून दोनदा.
धाकटी बहीण रेघेच्या वर मागायची.
तिचं पुढे काय, त्याने सांगितलं नाही.
मी ठोके मोजत राहिलो.

मग दर चार-पाच वर्षांनी पाटी.
विभागप्रमुख. महासंचालक. अवर सचिव.
आधी तो यायचा, मग ड्रायव्हर, मग ड्रायव्हरचा माणूस.
हुद्दा लांबला तशी नावाची अक्षरं बारीक झाली.
जुन्या पाट्या परत यायच्या, त्या उलट्या करून
मी पाठीवर दुसऱ्यांना बसवलं:
एक दातांचा डॉक्टर, एक वकील, एक उंटांचा दलाल.
मंत्री झाला तेव्हा सोन्याचा मुलामा मागवला.
टीव्हीवर तो वाळवंटातल्या शाळेत नळ सोडत होता,
पोरं टाळ्या वाजवत होती, आणि मी उठून उभा.
खोलीतला शिवराम म्हणाला,
"तुझा जावई काय रे तो?"

त्याच वर्षी, वादीच्या काठी आमच्या पत्र्याच्या वस्तीवर
कागद चिकटला. अनधिकृत. जोडणी बंद.
खाली सही. 'बिन'मधला नून, शेपटी वर वळलेली,
मी लगेच ओळखला;
पाटीसाठी त्यानेच काढून दिला होता तो मला.
अकरा दिवस मशिदीच्या नळावरून कॅन.
बाराव्या दिवशी टँकर आला, विकतचा.

पुढे कधीतरी बातमी, एका ओळीची: पदमुक्त.
तिसऱ्या महिन्यात तो आला. एकटा,
गाडी लावायला जागा शोधून दमलेला.
कापडातून पेला काढला, तांब्याचा, कल्हई उडालेली.
"बाहेरून नासोर घाल. हुद्दा नको.
आतल्या रेघेला हात लावू नकोस."

मी कितीतरी वर्षं वाक्य घोटून ठेवलं होतं,
अकरा दिवस, कॅनची कडी, तळहाताला पडलेला घट्टा.
पण जुनं तांबं पातळ असतं,
बोलत बोलत ठोका पडला तर भोक.
सो नीट आला. शेवटचा र जरा तिरपा.
"राहतोस कुठे?" त्याने विचारलं.
"वादीच्या काठी."
"अजून?"
"अजून."
पंखा फिरत राहिला.

पैसे मी पूर्ण घेतले.
तो जाईना. कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होता.
पेला विसळला, भरला,
रेघेपर्यंत. रेघेपर्यंतच.

त्याने आधी आत बघितलं, मग माझ्याकडे.
सावकाश प्यायला.
वर मागितलं नाही.