अनटिलच्या पोटात

गेडाम सरांनी माझ्या वहीतलं एक नॉट
लाल शाईनं खोडलं.
शाई खालच्या ओळीपर्यंत उतरली.
"अनटिलच्या पोटातच असते ते,
वरून आणखी काऊन टाकतं वं?
भाजीत दोनदा मीठ टाकते का तुई माय?"

मी लिहिलं होतं,
लाईन येत नाही तोवर दळण होत नाही.
इंग्रजीत मात्र लाईन येते, तोवर.
एसटी येत नाही तोवर फाट्यावर बसा.
इंग्रजीत एसटी येते.
मागच्या बाकावरून भुऱ्या मडावी म्हणाला,
सर, इंग्रजीत सगळंच येते का जी?
वर्ग हसला.
सरही हसले, खिडकीबाहेर बघत.
दारव्ह्याची गाडी अजून लागायची होती.

घरची पाच वाक्यं आणा, म्हणाले होते.
माय सुपात ज्वारी निवडत होती,
मी वही घेऊन उंबऱ्यात.
पहिलं वाक्य तिनं न मागताच दिलं, रोजचंच:
"तो येत नाही तोवर कडी लावू नको, रेवता."

तो म्हणजे दादा.
बोअरच्या गाडीवर आदिलाबादकडे गेलेला,
दोन पोळे झाले.
शेवटच्या फोनमध्ये मागं मशीन घरघरत होती
आणि तो कोणाला तरी ओरडून सांगत होता,
दगड लागला, दगड लागला.

मायच्या वाक्यात नाही दोन.
एक कडीचा, एक दादाचा.
कडीचा तसाच राहू दिला.
दादाचा खोडला खोडरबरानं,
तर कागद तिथं पातळ झाला,
मागच्या पानावरचं गणित दिसायला लागलं.
भुगा तळहातावर घेतला.
फुंकू की नको.
खरं सांगते, भीती वाटली.
एवढ्या सहज कोणी येत नसतं घरी.

"वाच," माय म्हणाली.
डोन्ट क्लोज द डोअर अनटिल ही कम्स.
"डोअर म्हणजे दारच ना?"
हो.
"मंग बराबर हाय."

तिनं सुपातला खडा बोटानं हेरला,
अंगणात भिरकावला.
कोंबडी धावली, दाणा समजून.
चोच मारली, थांबली,
पुन्हा मारली.

उरलेली चार वाक्यं
मी बकरीवर लिहिली.