रुमालाखाली

मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर दुसरा मजला,
जिन्यात बारदानाचा वास, पाटीचा रंग अजून ओला:
चित्रपट प्रशिक्षण. प्रत्यक्ष काम. फी तीन हप्त्यांत.
पहिला हप्ता मी भरला
कुपवाडच्या एका बारशाच्या ॲडव्हान्समधून.

वय त्रेचाळीस. लग्नं अकराशेच्या पुढं.
शेजारच्या खुर्चीवर प्रणाली हारगे, एकोणीस,
मला काका म्हणायची
आणि केबल माझ्यापेक्षा चांगली गुंडाळायची.

पहिला आठवडा कॅमेरा नाहीच.
तांबोळी सर म्हणाले, आधी स्टँड उचला,
त्याचे तीन पाय कुठं टेकतात
ते तुमच्या पायाला कळू दे.
मग केबल. एक वेढा सुलट, एक उलट,
नाहीतर पीळ धरते, सोयरिकीसारखी.
सोयरिकीचं माझं. सर उपमा देत नाहीत.

मग पांढरा रंग.
खाली हळद पॉलिश करायचा ड्रम दिवसभर फिरतो,
भिंती पिवळ्या, खिडकीची जाळी पिवळी,
सरांच्या चष्म्याच्या काड्याही.
कोरा कागद धरला लेन्ससमोर.
"ह्याला सांगा, पांढरं म्हणजे हे."
सांगितलं. कॅमेऱ्यानं ऐकलं,
आणि आम्ही सगळे निळसर,
सलाइन लावल्यासारखे.
कागदावरही धूळ बसली होती.
सर हसले नाहीत. कागद झटकला. म्हणाले, परत.

मग अभ्यास: तीन मिनिटं, एकच शॉट,
आणि मुख्य गोष्ट दिसता कामा नये.
अकराशे लग्नांत मी दिसेल ते घेत आलो.
आईचे डोळे जवळून, पंगत लांबून,
नवरा-नवरी बदामात.

पारिसाअण्णा मगदूम अजून गादीवर येऊन बसतात, नुसते.
म्हणाले, आमच्या टायमाला भाव तोंडानं बोलत न्हवतो.
हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची.
"धर. ही दोन म्हंजे दोनशे.
तळव्यावर घासलं की निम्मं."
प्रणालीनं कॅमेरा लावला, मी हात दिला.
तीन मिनिटं रुमाल हलत राहिला,
खाली कोणी झोपेत कूस बदलावी तसा.
सौदा कितीला तुटला मला कळलं नाही.
शॉट तिचा झाला. माझा अभ्यास राहिला.

पुढच्या रविवारी अंकलीला लग्न.
मांडवामागं, गॅसच्या टाक्या ठेवतात तिथं,
मुलीचा बाप आणि मुलाचा मामा,
दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.
मध्ये आहेरातली शाल, घडी मोडलेली.
दोघांचेही हात शालीखाली.

वीस वर्षं मी ह्याच टाक्यांजवळून
बॅटरी बदलायला जात होतो.

स्टँड टेकवला. पायाला कळलं.
जवळ गेलो नाही.
शाल हलली. थांबली.
बापाची एक चप्पल सुटली होती,
अंगठा ती मातीत चाचपत होता.
शाल परत हलली.

पेनड्राइव्ह दिल्यावर तिसऱ्या दिवशी मामांचा फोन:
ते मागचं काढून टाका की,
त्यात काय दिसतच नाही.
म्हटलं, बरोबर आहे, काही दिसत नाही.
काढलं. त्यांच्या कॉपीतून.

सरांना दाखवलं.
संपल्यावरही त्यांनी दिवा लावला नाही.
खाली ड्रम फिरत होता.
मग विचारलं, "आवाज वेगळा घेतलास?
त्या जागेचा, नुसता?"
नाही, म्हटलं. लग्नात बँड असतो, सर.
"आणि तो थांबल्यावर?"

तो थांबला तेव्हा
मी जेवायला बसलो होतो.